मेन्यूतलं पोर्तुगाल, ताटातलं मोझांबिक

महागड्या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही जेवणाआधी एक मजकूर वाचता, आणि बिल भरताना त्या मजकुराचेही पैसे देता. खानावळीच्या फळ्यावर 'फिश थाळी' आणि तिचा दर एवढंच लिहिलेलं असतं. जुन्या, नावाजलेल्या वस्तीतल्या रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड मात्र छोटंसं इतिहासाचं पुस्तकच असतं. घर किती जुनं, कृती कोणाच्या पणजीची, मीठ कुठल्या मिठागरातलं, सगळं त्यात असतं. आपण जेवणाचं परीक्षण करतो, मग या इतिहासाचं का करू नये?

आज तेच करूया. मेन्यूकार्डं हा माझ्या पीएचडीचा कच्चा माल आहे, त्यामुळे कुठेही जेवायला गेले तरी मी आधी कार्ड नीट वाचते. आजचं कार्ड पणजीतल्या फोंतेन्हासमधलं. जुन्या घरात थाटलेलं रेस्टॉरंट, टेबल आधी राखून ठेवावं लागतं. नाव देत नाहीये, कारण मुद्दा त्या एका मालकाचा नाही. त्याच गल्ल्यांमध्ये, आणि फोर्ट कोची किंवा पुद्दुचेरीतही, याच सुराची कार्डं सापडतील. दोघांचं बिल साडेपाच हजारांच्या घरात गेलं. त्यात काय मिळालं ते आधी सांगते, मग संशोधनाकडे वळूया.

आधी जेवण

जेवण चांगलं होतं. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचा सगळा लेख कोल्ह्याच्या द्राक्षांसारखा वाटेल.

सगळ्यात उत्तम होतं पोर्क विंदालू. माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरचा आंबटपणा आधी लागतो, तिखट मागून येतं. या पदार्थाचं मूळ पोर्तुगीज नाव साधारण 'कार्ने द विन्या द आल्युश' असं आहे. म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. शेवटच्या 'आल्यु'चा अर्थ लसूण. त्याला आपला आलू समजून विंदालूत बटाटे घालणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. इथे बटाटा नव्हता आणि मांस खरोखरच मुरलेलं होतं.

चिकन काफ्रियालचं हिरवं वाटण ताजं होतं, कडा छान करपलेल्या होत्या. पण ते एका पांढऱ्या मलईदार सॉसवर ठेवून आलं. सॉस कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कोळंबीचं बाल्शांव फसलं. बाल्शांव म्हणजे जवळजवळ लोणचंच. आंबट, तिखट, खारट, आणि त्यात सुक्या जवळ्याचा दणकट वास. इथे तो वास काढूनच टाकला होता. बाहेरगावच्या पाहुण्यांना सोसणार नाही, असा हिशोब असावा. जवळा गेला की उरतो तो कोळंबीचा गोडसर लाल रस्सा, आणि तो कुठेही मिळतो.

पोई आली ती चार पातळ फोडी करून, सोबत चोरीस घातलेलं लोणी. पोईची मजा तिच्या पोकळीत असते. ती फाडायची, आत भाजी किंवा रस्सा भरायचा. सुरीने कापली की ती नुसता कोंड्याचा ब्रेड होते. शेवटची बेबिंका मात्र जमली होती. हिचा एकेक थर वरून आच देऊन भाजायचा, तो झाला की पुढचा ओतायचा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. इथे थर सुटत होते आणि नारळाचं दूध जाणवत होतं.

स्वयंपाकाला पाचपैकी साडेतीन गुण. आता कार्डाकडे येऊ.

अक्षरांची किंमत

डॅन जुराफ्स्की हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ. त्यांच्या 'द लँग्वेज ऑफ फूड' (२०१४) या पुस्तकात मेन्यूकार्डांचा एक अभ्यास आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६,५०० मेन्यूंमधले साडेसहा लाख पदार्थ संगणकावर तपासले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक, महागडी रेस्टॉरंटं स्वस्त रेस्टॉरंटांच्या तुलनेत १५ पटींहून जास्त वेळा पदार्थाचा उगम सांगतात, म्हणजे कुठलं शेत, कुठलं गाव वगैरे. दोन, वर्णनातल्या शब्दांची सरासरी लांबी एका अक्षराने वाढली की पदार्थाची किंमत सरासरी १८ सेंटने वाढलेली दिसते.

लांब शब्द लिहिल्यामुळे किंमत वाढते, असा याचा अर्थ नाही. दोन्ही गोष्टी सोबत आढळतात, इतकंच. महागड्या जागेला आपलं गिऱ्हाईक शिकलेलं आहे हे माहीत असतं, आणि ती त्या भाषेत बोलते.

याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. 'ताजं', 'खरं', 'कुरकुरीत' असले शब्द मधल्या दरातल्या रेस्टॉरंटांमध्ये भरपूर सापडतात. सगळ्यात महागड्या जागा ते टाळतात, कारण तिथे लोणी खरं असणार हे गृहीतच असतं. जी गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, तिच्याबद्दल कुठेतरी शंका असते.

हे मनात ठेवून आपलं कार्ड वाचूया. मिठागराचं नाव आहे. मिरची काणकोणच्या खोल्याची आहे असं लिहिलंय, आणि त्या मिरचीला २०२० साली भौगोलिक मानांकनही मिळालंय, तेव्हा अभिमान रास्त आहे. कॉफी कुठल्या मळ्यातली तेही आहे. पण पोई कुठल्या भट्टीतली, हे नाही. गोव्यात आजही पदेर सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज करत दारोदार पाव पोचवतो. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक भट्ट्यांमध्ये यीस्ट वापरतात. बऱ्याच भट्ट्यांवर राबणारे हात गोव्याबाहेरून आलेले आहेत. टेबलावरच्या सगळ्या जिनसांमध्ये याच वस्तूमागे जिवंत, रोजची कारागिरी आहे, आणि कार्डात तिच्यासाठी एकच शब्द छापलाय, 'हस्तनिर्मित'. हस्त कोणाचे, ते नाही.

म्हणजे उगम सांगण्यातही निवड असते. मीठ, मिरची, कॉफी यांचं गाव सांगितलं की किंमत वाढते. पदेराचं नाव सांगितलं तर गिऱ्हाईक विचारेल, 'अहो, हीच पोई सकाळी दारावर काही रुपयांत मिळते ना?'

'अस्सल'ची भानगड

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५०च्या दशकात एक साधी कल्पना मांडली. आपलं रोजचं वागणं नाटकासारखं असतं. त्याला एक रंगमंच असतो आणि एक पडद्यामागची जागा. त्यांचं गाजलेलं उदाहरण हॉटेलचंच आहे, शेटलंड बेटांवरचं. वाढपी जेवणघरात एक माणूस असतो आणि दार ढकलून स्वयंपाकघरात गेला की दुसरा.

डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये ही कल्पना पर्यटनाला लावली. त्यांचं म्हणणं असं की पर्यटकाला रंगमंच नको असतो, त्याला पडद्यामागचं 'खरं' आयुष्य बघायचं असतं. हे ओळखून पर्यटनस्थळं पडद्यामागची जागासुद्धा सजवून दाखवतात. याला ते 'मंचित अस्सलपणा' अशा अर्थाचं नाव देतात. आपल्या रेस्टॉरंटात काचेआडचं उघडं स्वयंपाकघर आहे, भिंतीवर जुन्या कुटुंबाचे फोटो आहेत, ताटल्या मुद्दाम वेगवेगळ्या जोडांतल्या आहेत. तुम्ही कोणाच्या तरी घरी जेवायला आलात असं वाटावं, अशी ही मांडणी आहे. कार्डातल्या कृती 'आजीच्या वहीतल्या' आहेत. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा ओडिशाचा होता. आत काफ्रियाल भाजणाराही त्याच्याच गावचा, असं तो म्हणाला. यात वाईट काहीच नाही. हात शिकलेले असले की झालं, आणि विंदालू करणारे हात नक्कीच शिकलेले होते. पण कार्डात आजी आहे, हे दोघे नाहीत.

तिसरे अभ्यासक अर्जुन अप्पादुराई. मुंबईत वाढलेल्या या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ च्या एका छोट्या टिपणात असं निरीक्षण नोंदवलंय की 'अस्सल'ची चर्चा बहुधा तेव्हाच सुरू होते जेव्हा ती गोष्ट बरीचशी बदलून गेलेली असते. घरात रोज होणाऱ्या आमटीला कोणी अस्सल म्हणत नाही. हे पटायला गोव्यालाही जायला नको. 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा लाल रस्सा देशभर मिळतो आणि तो बघून कोल्हापूरचा माणूस कपाळाला हात लावतो. तिथे एका शहराचं नाव नुसतं 'तिखट' या अर्थाने वापरलं जातं. फोंतेन्हासच्या कार्डात तेच काम 'पोर्तुगीज' हा शब्द करतो. फक्त त्याचा अर्थ तिखट नसून 'देखणं, जुनं आणि जरा परदेशी' असा आहे.

काफ्रियाल कोणाचं?

कार्डात काफ्रियालखाली 'पोर्तुगीज वारशाची कृती' असं छापलंय. इथे मला खरी हरकत आहे.

काफ्रियाल या नावातला 'काफ्रे' हा पोर्तुगीज शब्द अरबी 'काफिर'वरून आला. पोर्तुगीज तो आग्नेय आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी वापरत. त्याच शब्दाचं इंग्रजी रूप आज दक्षिण आफ्रिकेत गलिच्छ शिवी मानलं जातं. हा पदार्थ मोझांबिककडून, आफ्रिकी सैनिकांबरोबर गोव्यात आला असं मानतात. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालायचा. माणसं, माल आणि चवी दोन्हीकडून ये-जा करत, आणि त्या माणसांमध्ये गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही होते. म्हणजे पदार्थाच्या नावातच आफ्रिका लिहिलेली आहे आणि त्याखालच्या ओळीत ती खोडलेली आहे.

आता तुम्ही ज्या जमिनीवर बसून जेवताय ती बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वस्ती नव्हती, माडांची बागायत होती. ती उभी केली आंतोनियो जुआंव द सिकेरा या गोंयकाराने. त्याचं टोपणनाव 'मोसमीकर', कारण त्याने पैसा कमावला मोझांबिकात. पुढे ही जमीन कार्मेलाइट जोगिणींच्या मठाकडे होती आणि १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त होईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि सरकारी नोकरदारांची, व्यापाऱ्यांची घरं इथे दाटीने उभी राहिली.

थोडक्यात, जमीनही मोझांबिकच्या पैशातली आणि कोंबडीही मोझांबिकच्या वळणाची. एवढी सुंदर गोष्ट हाताशी असताना कार्ड 'पोर्तुगीज' म्हणून मोकळं होतं. बाल्शांवचंही तेच. तो शब्द मकावच्या 'बालिशांव'शी आणि मलायी 'बेलाचान'शी जोडला जातो. मिरची मुळात अमेरिकेची. पोर्तुगीजांची जहाजं या सगळ्याला जोडणारा धागा होती, हे कबूल. पण वाहून आणणाऱ्याचं नाव पदार्थाला द्यायचं, तर आपल्याकडची साबुदाण्याची खिचडीसुद्धा पोर्तुगीज म्हणावी लागेल. कारण बटाटा आणि शेंगदाणा अमेरिकेतले, आणि त्यांना भारताकडे आणण्याचं बरंचसं श्रेय त्यांनाच जातं.

कार्डाच्या मागच्या पानावर फोंतेन्हासला युनेस्कोचा वारसा दर्जा आहे असंही छापलंय. पर्यटनाच्या मजकुरात हे वाक्य सर्रास फिरतं. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि मठ, इथून साधारण दहा किलोमीटरवर. फोंतेन्हास त्या यादीत नाही. पण त्याची किंमत ठरवायला युनेस्कोची चिठ्ठी लागतेच कशाला?

जे ताटात आलंच नाही

फोंतेन्हासला लागूनच मळा आहे. वर आल्तिन्होच्या उतारावर मारुतीचं देऊळ; त्याच्या जत्रेचे दिवे फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून दिसतात. कार्ड स्वतःला 'गोव्याच्या चवीचा प्रवास' म्हणवतं. पण त्यात हुमण नाही, खतखतं नाही, अळसांद्याचं तोंडाक नाही. गोवा म्हणजे फक्त ख्रिस्ती स्वयंपाकघर, आणि त्यातही फक्त दिवाणखान्यातलं.

आणि जे दाखवलंय तेही धुऊनपुसून. फोंतेन्हासच्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमध्ये एक क्रूस आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर लिहिलंय. त्या काळातलं १७३६ चं फर्मान वाचलं तर कळतं की सत्ता स्वयंपाकघरात किती आतवर शिरली होती. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही धर्मांतरितांना मनाई होती. भातात मीठ घालायचं की नाही, यावरून माणसाचा धर्म तपासला जात होता.

तुम्ही म्हणाल, जेवायच्या टेबलावर इन्क्विझिशन कोण मागवणार? बरोबर आहे. मीही नाही मागवणार. कार्डात नुसतं 'चिकन काफ्रियाल, हिरवं वाटण, लाकडाच्या आचेवर' एवढं असतं तर हा लेखच लिहिला नसता. पण इतिहास विकायचं रेस्टॉरंटनेच ठरवलंय, आणि त्याचे पैसे आपण दिलेत. मग विंदालूत बटाटा असता तर जशी तक्रार केली असती, तशीच इथेही करायला हवी.

रेस्टॉरंटच्या बाजूने

दुसरी बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. ही घरं सांभाळणं सोपं नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या, लाकडी तक्तपोशी, आणि त्यावर दरवर्षी चार महिने गोव्याचा पाऊस. शिवाय गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा. तत्त्व उत्तम आहे, पण तीन पिढ्यांनंतर एका घराला दहा-पंधरा वारस होतात. कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला. सह्या जमत नाहीत, कुलूप लागतं, वाळवी लागते. अशा वेळी कोणीतरी येऊन कौलं बदलतं, भिंत रंगवतं, तर त्याला नावं ठेवणं सोपं नाही. आम्ही बसलो होतो त्या खोलीतल्या खिडकीचे शिंपले शाबूत होते. ते या रेस्टॉरंटच्या पैशाने टिकलेत.

पण घर टिकणं आणि वस्ती टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोंतेन्हासच्या काही दारांवर आज 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत, कारण लोक परक्याच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढत बसतात. आत कोणी दुपारची वामकुक्षी घेत असतं, कोणी आजारी असतं. मॅकॅनेलच्या भाषेत सांगायचं, तर इथे पर्यटकाला पडद्यामागची जागा हवी आहे आणि ती कोणाचं तरी खरंखुरं घर आहे. मेन्यूकार्ड जेव्हा वस्तीला 'काळ थांबलेलं पोर्तुगीज गाव' म्हणून विकतं, तेव्हा ते या पाहुण्याला नकळत हेच शिकवतं की इथे माणसं राहत नाहीत, देखावा राहतो. कार्डातल्या शब्दांवर एवढा कीस पाडते आहे तो यासाठी. काळ थांबलेल्या गावात कचरा उचलणं, पार्किंग, रात्रीचा आवाज यांबद्दल तक्रार करायला कोणी नसतं.

मग कार्डात काय असावं?

फार नाही, दोन-तीन ओळी बदलल्या तरी चालेल. काफ्रियालखाली 'मोझांबिककडून आलेलं वाटण' असं लिहा. गिऱ्हाईक पळणार नाही, उलट चार प्रश्न विचारेल. पोईखाली भट्टीचं नाव घाला आणि ती अख्खी वाढा. बाल्शांवमध्ये जवळा परत आणा. युनेस्कोची ओळ काढा. मागच्या पानावर त्या जागेत एवढं लिहा की शेजारी लोक राहतात, त्यांच्या पायऱ्यांवर बसू नका.

आणि तुम्ही तिथे, किंवा तशा कुठल्याही जुन्या पेठेत जेवायला गेलात, तर वाढणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा, 'ही पोई कोणाकडची?' आमच्या टेबलावर त्या ओडिशाच्या मुलाने आत जाऊन विचारून आणलं. भट्टी चालत जाण्याच्या अंतरावर होती.

विंदालूसाठी परत जाईन. बाल्शांव मात्र दुसरीकडे खाईन.